सहा क्वेव्हर, दोन ठोके : तबला शिकलेल्या मुलाचे स्टाफ नोटेशन

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या एका उपनगरातल्या पियानो-कीबोर्डच्या क्लासमधले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. विद्यार्थी चौदा वर्षांचा, तबल्याची प्रवेशिका पूर्ण झालेला. घरात पेटी होती आणि आईचे गाणे झालेले होते. भातखंडे पद्धतीत, म्हणजे सा रे ग म अशा अक्षरांत लिहिलेली चीज (बंदिश) समोर ठेवली की हा मुलगा ती पेटीवर सहज वाचून काढत असे. शाळेच्या वाद्यवृंदात त्याच्याकडे कीबोर्ड आला आणि त्याला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकावेसे वाटू लागले. लंडनच्या एका परीक्षा मंडळाची तिसरी ग्रेड द्यायची असे घरात ठरले. या परीक्षेत बसवलेल्या तुकड्यांबरोबर साइट रीडिंगही असते. कधी न पाहिलेल्या दोन-चार ओळी समोर येतात, नजर फिरवायला अगदी थोडा वेळ मिळतो आणि लगेच वाजवायचे असते.

शिक्षिका मूळच्या गोव्याच्या. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना सोल्फेजो (स्वरांची नावे म्हणत स्टाफ वाचणे) आणि व्हायोलिन शिकवत. त्या शिक्षणातून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. संगीतकाराने पेटीवर सांगितलेली चाल स्टाफवर उतरवून वादकांच्या ताफ्यापुढे ठेवण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोवेकरांनी वर्षानुवर्षे केले. ताल आणि टाइम सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला लिहिलेले ४/४ सारखे आकडे) यांची गाठ आपल्याकडे तेव्हापासून पडलेली आहे, हे इथे सांगायला हवे, कारण अजूनही पुष्कळ पालक ही दोन वेगळी जगे समजतात. शिक्षिका स्वतः सोल्फेजोच्या वळणातल्या. वाद्याला हात लावण्याआधी हाताने ठोका देत स्वरांची नावे म्हणायची, ही त्यांची लहानपणापासूनची सवय.

अडचण

सुरुवातीचे महिने उत्तम गेले. सेमीब्रीव्ह चार मात्रा, मिनिम दोन, क्रॉचेट एक, क्वेव्हर अर्धी, सेमीक्वेव्हर पाव, हे त्याला एका बैठकीत समजले. क्वेव्हर म्हणजे दुगुन, सेमीक्वेव्हर म्हणजे चौगुन, असे त्याने स्वतःच सांगितले. टाय, म्हणजे तोच स्वर पुढे लांबवणारी वक्ररेषा, तर त्याने समजावून सांगण्याआधीच वाजवला. बारलाइन (स्टाफचे बार, म्हणजे सारखे भाग पाडणारी उभी रेघ) ओलांडून लांबणारा स्वर त्याला तालाचा विभाग ओलांडणाऱ्या आडव्या रेघेसारखा वाटला, आणि ते बरोबरच होते. ४/४ आणि २/४ मधल्या ओळी तो न अडखळता वाचू लागला.

६/८ आले आणि गाडी अडली. एका सरावाच्या ओळीत प्रत्येक बारमध्ये क्रॉचेट, क्वेव्हर, क्रॉचेट, क्वेव्हर अशी रचना होती आणि शेवटी डॉटेड मिनिम, म्हणजे बिंदू देऊन निम्म्याने वाढवलेला मिनिम. त्याने स्वर बरोबर वाजवले. लांबीही बरोबर ठेवली, एक-अर्धी-एक-अर्धी. तरीही ऐकताना चाल लंगडत होती. शिक्षिकेने पुन्हा वाजवायला सांगितले, पुन्हा तेच. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) लावला, पुन्हा तेच.

हळूहळू आणखी गोष्टी दिसू लागल्या. ३/४ मधला एक वॉल्ट्झ (तीन ठोक्यांचे नृत्यसंगीत) तो दर दुसऱ्या बारला हलका वाजवी, जणू तिथे जोर द्यायचाच नाही. विराम आला की बोट पट्टीवरून उठत नसे. आणि एका ओळीत ग म प ध असे चार क्रॉचेट होते, त्यांच्या खाली एक वक्ररेषा होती. ते चार स्वर त्याने झर्रकन एकाच ठोक्यात वाजवले आणि पुढच्या बारला तीन ठोके आधी पोचला.

घरी निष्कर्ष निघाला की मुलाची लय कच्ची आहे. तबल्यात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाबद्दल असे बोलले गेले, आणि त्याचा उत्साह मावळायला लागला.

निदान

इथे शिक्षिकेने जे केले ते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे काम, असे मी मानतो. त्यांनी लय आणि वाचन या दोन गोष्टी वेगळ्या करून तपासल्या. आधी कागद बाजूला ठेवला. ६/८ ची तीच ओळ स्वतः वाजवून दाखवली आणि म्हणाल्या, "आता तू वाजव." त्याने ऐकून हुबेहूब वाजवली, वजनासकट. मग कागद परत समोर ठेवला, आणि चाल परत लंगडली. लय पक्की होती. कागदावर डोळे गेले की काहीतरी बिघडत होते.

मग त्याला वाजवताना पायाने ठोका द्यायला सांगितले. उत्तर पायात सापडले. तो बारमध्ये तीन ठोके देत होता, प्रत्येक क्रॉचेटला एक. पहिला ठोका पहिल्या क्रॉचेटवर पडे, दुसरा त्यानंतरच्या छोट्या क्वेव्हरवर, आणि तिसरा दुसऱ्या क्रॉचेटच्या पोटात. त्यामुळे जोर नेमका छोट्या स्वरावर येई आणि ज्या दुसऱ्या क्रॉचेटवर वजन हवे तो आडून सुरू होई. लांबी अचूक आणि वजन चुकीच्या जागी, असा तो प्रकार होता. त्याने विचारले, "मॅडम, पण क्रॉचेट म्हणजे एक मात्रा ना? मग सहा क्वेव्हर म्हणजे तीनच मात्रा झाल्या. हे ३/४ च झालं की."

प्रश्न रास्त होता. ३/४ आणि ६/८ च्या बारमध्ये माल सारखाच मावतो, सहा क्वेव्हर. फरक त्यांच्या गटात आहे. ३/४ मध्ये दोन-दोनचे तीन गट होतात, म्हणून तीन ठोके, प्रत्येकी एक क्रॉचेट. ६/८ मध्ये तीन-तीनचे दोन गट होतात, म्हणून दोन ठोके, प्रत्येकी एक डॉटेड क्रॉचेट. टाइम सिग्नेचर मात्र हे सरळ सांगत नाही. खालचा आकडा सेमीब्रीव्हचा कितवा भाग ते दाखवतो : २ म्हणजे मिनिम, ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर. डॉटेड क्रॉचेट हा सेमीब्रीव्हचा तीन-अष्टमांश भाग. त्यासाठी पूर्ण आकडा लिहिताच येत नाही. म्हणून नाइलाजाने क्वेव्हर मोजायचे आणि सहा लिहायचे. वाचणाऱ्याने त्यातून दोन ठोके काढायचे. शिकणाऱ्याला 'वरचा आकडा म्हणजे ठोके' एवढेच सांगितलेले असेल तर तो ६/८ पाशी अडखळणारच.

उरलेल्या चुकांचे मूळ दुसरीकडे होते. भातखंडे पद्धतीत स्वरांखाली वक्ररेषा असली की ते सगळे स्वर एका मात्रेत घ्यायचे. स्टाफवर तीच रेषा वेगवेगळ्या स्वरांना जोडत असेल तर ती स्लर, म्हणजे जोडून वाजवायचे, लांबी तीच. दांड्या वर असलेल्या स्वरांना स्लर खालून दिला जातो, म्हणून ग म प ध च्या वेळी तो थेट ओळखीच्या जागी दिसला. बिंदूचेही तसेच. भातखंडे पद्धतीत स्वरावर बिंदू म्हणजे तार सप्तक. स्टाफवर डोक्यावरचा बिंदू म्हणजे तोडून वाजवायचे आणि उजवीकडचा बिंदू म्हणजे निम्मी लांबी वाढवायची. मुलाने एकदा विचारलेही होते, "वर टिंब आहे, पण स्वर तर मधल्याच सप्तकातला लिहिलाय?" तेव्हा तो प्रश्न हसण्यावारी गेला होता.

विरामाचे कारण खोलवरचे आहे. आपल्या चिजेत रिकाम्या मात्रेवर आडवी रेघ येते, म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा. पेटीवर तर भात्यातला वारा असेपर्यंत स्वर भरलेला राहतो. शांततेची मोजून लांबी लिहिणे, क्रॉचेटएवढा विराम, क्वेव्हरएवढा विराम, याची त्याला कधी गरजच पडली नव्हती. आणि वॉल्ट्झमधला हलका बार? दोन बार मिळून त्याचा सहा मात्रांचा दादरा होत होता. दुसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्याला त्याच्या मनात चौथी मात्रा येई, आणि तिथे खाली, म्हणजे तालातली हलकी जागा.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मेट्रोनोमचा. तो क्रॉचेटवर लावला तर चुकीचे तीन ठोके आणखी पक्के झाले असते. क्वेव्हरवर लावला तर सहा सारखे ठोके, वजन कुठेच नाही. डॉटेड क्रॉचेटवर लावणे योग्य, पण दोन ठोक्यांत तीन-तीन कसे बसवायचे हे आधी अंगात उतरायला हवे.

दुसरा पर्याय पालकांनी सुचवला : सगळे तुकडे भातखंडे पद्धतीत उतरवून घ्यावेत, तो वाजवेल आणि परीक्षा पार पडेल. मोह पडावा असाच होता. बसवलेले तुकडे खरोखर पटकन तयार झाले असते. पण साइट रीडिंगला उतरवून घ्यायला वेळ नसतो, आणि मुलाला मुळात वाचता यायला हवे होते. शिक्षिकेने याला ठाम नकार दिला. पालकांची थोडी नाराजी पत्करली.

तिसरा पर्याय 'ता, ती-ती' अशा उच्चारांचा, जो हंगेरीच्या कोडाय पद्धतीतून जगभर गेला आहे. लहान मुलांना तो फार चांगला. या मुलाच्या बाबतीत तो अडचणीचा ठरला असता, कारण तबलजीच्या मनात 'ता' आणि 'ती' आधीच हाताच्या विशिष्ट आघाताला बांधलेले असतात. उच्चार कालावधीसाठी घ्यायचा म्हटले तरी बोटे दायावर (उजव्या हाताच्या तबल्यावर) जातात.

चौथा पर्याय पढंताचा, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणण्याचा. त्याला जे येते त्यातूनच रस्ता काढायचा. यात धोका असा की बोलांबरोबर ठेका येतो आणि ठेक्याबरोबर खाली-भरी (हलक्या आणि जोराच्या जागा) येते, म्हणजे वॉल्ट्झची तीच अडचण दुप्पट होऊन परत. शिक्षिका इथे अडल्या, आणि त्यांनी मुलाच्या तबल्याच्या गुरुजींना फोन केला.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्याला दादरा म्हणू नका. दोन मात्रा द्या आणि त्यात तिस्र म्हणायला लावा. मुलगा लगेच करेल."

तिस्र म्हणजे एका मात्रेचे तीन भाग. दादरा सहा मात्रांचा ताल, आणि द्रुत लयीत तो दोन ठोक्यांतच जाणवतो हे खरे. पण तालाचे नाव घेतले की सहा मोजणे, सम शोधणे, चौथ्या मात्रेला हलके होणे हे सगळे मागोमाग येते. 'दोन मात्रांत तिस्र' म्हटले की उरते फक्त विभागणी. टाइम सिग्नेचरला तेवढेच हवे असते. ती ताल नाही. तिला आवर्तन नाही, खाली नाही, ठेकाही नाही. ठोका किती मोठा आणि बारमध्ये किती, एवढीच माहिती ती देते, आणि ६/८ सारख्या ठिकाणी तीही आडून.

प्रत्यक्ष काय केले

ठेक्यातले बोल बंद केले. फक्त तीन शब्द ठेवले : ठोक्याचे दोन भाग होत असतील तर 'तक', तीन होत असतील तर 'तकिट', चार होत असतील तर 'तिरकिट'. ३/४ मधले सहा क्वेव्हर म्हणजे तक तक तक. ६/८ मधले सहा क्वेव्हर म्हणजे तकिट तकिट. कागदावर एकाखाली एक लिहून त्याने दोन्ही म्हटले, हाताने आधी तीन आणि मग दोन ठोके देत. ज्या गोष्टीवर मागे कितीतरी तास गेले होते ती त्या बैठकीत त्याच्या ध्यानात आली. मग लंगडणारी ओळ घेतली : तऽट तऽट, पाय दोनदाच. वाजवली तेव्हा ती झुलत गेली.

शिक्षिकेने त्याच्या प्रतीवर पेन्सिलने आणखी एक केले. ६/८ च्या शेजारी २ लिहून त्याखाली आकड्याऐवजी डॉटेड क्रॉचेटचे चित्र काढले. ही कल्पना जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी वापरलेली आहे, खालच्या आकड्याच्या जागी स्वराचेच चिन्ह ठेवायचे. छापील प्रतीत ती रुळली नाही, पण शिकवताना तिच्याइतके स्पष्ट दुसरे काही मला तरी माहीत नाही. पुढचे काही आठवडे नवी ओळ समोर आली की वाजवण्याआधी टाइम सिग्नेचरशेजारी असे चित्र काढायचे, असा नियम झाला. ९/८ ला ३, १२/८ ला ४, दोन्हींखाली डॉटेड क्रॉचेट. ३/४ ला ३ आणि साधा क्रॉचेट.

बीमकडे पाहायला शिकवणे हे तिसरे काम. क्वेव्हरच्या दांड्या ज्या जाड रेघेने जोडतात ती रेघ सजावटीची नसते. ६/८ मध्ये ती तीन-तीन क्वेव्हर एकत्र बांधते आणि ठोका कुठे सुरू होतो ते डोळ्यांना दाखवते. हे कळल्यावर मुलाने न विचारता सगळ्या जुन्या ओळी काढल्या आणि प्रत्येक बीमच्या पहिल्या स्वरावर पेन्सिलने टिंब दिले. ऐकण्यासाठी कोळीगीते दिली. त्यांचा ठेका दोन टाळ्यांत बसतो आणि प्रत्येक टाळीत तीन मावतात, हे हाताने तपासायचे. त्यासोबत दुलपदे, म्हणजे गोव्यातली नाचाची गाणी.

खुणांचा गोंधळ सोडवायला एक तक्ता केला. डावीकडे भातखंडे पद्धतीतली खूण, उजवीकडे स्टाफवर तशीच दिसणारी खूण, दोन्हींचे अर्थ समोरासमोर. वक्ररेषा, बिंदू, आडवी रेघ. तक्ता मुलानेच लिहिला. विरामासाठी वेगळी सवय लावली : विराम आला की तोंडाने 'गप' म्हणायचे आणि हात पट्टीवरून पूर्ण वर घ्यायचा. चौदा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला हे लाजिरवाणे वाटले, पण हात उठू लागला.

निर्णयाच्या जागा

परीक्षा पुढच्या सत्रात ढकलायची की नाही, हा प्रश्न मध्यावर आला. तुकडे तयार होते, वाचन अर्धवट. त्याच सत्रात बसला असता तर तुकड्यांच्या गुणांवर बहुधा पास झाला असता. शिक्षिका ढकलण्याच्या बाजूने होत्या, वडील विरोधात, फीचे पैसे आधीच भरलेले. शेवटी मुलालाच विचारले. तो म्हणाला, "वाचता येत नसताना पास झालो तर चौथ्या ग्रेडला काय करू?" परीक्षा ढकलली. त्याला विचारले गेले हे मला योग्य वाटते. एरवी असे निर्णय मोठ्यांच्या बोलण्यातच होऊन जातात.

दुसरी जागा बोल कधी सोडायचे याची. तक-तकिटने वाचन जोरात सुरू झाले, पण शाळेच्या वाद्यवृंदात बाकीची मुले 'वन-टू-थ्री' मोजत होती. कंडक्टरने दुसऱ्या ठोक्यापासून सुरू करा म्हटले की हा क्षणभर थबके, कारण त्याच्या बोलांना क्रमांक नव्हते. शिक्षिकेने मग त्यांच्या सोल्फेजोच्या शिस्तीतली हाताची खूण आणली : दोन ठोक्यांना खाली-वर, तीन ठोक्यांना खाली-उजवीकडे-वर, आणि त्यावर आकडे. बोल मनात, आकडे तोंडात. यात काही आठवडे गेले.

परिणाम

पुढच्या सत्रातली परीक्षा तो पास झाला. साइट रीडिंगला ६/८ मधलीच ओळ आली होती. वॉल्ट्झमधला हलका बार पूर्ण गेला नाही, थकला की परत येतो, पण आता तो स्वतःच ओळखतो आणि थांबून पुन्हा घेतो. विरामांचे बरे झाले आहे, तरी मोठा विराम असला की तो अजून किंचित आधी निघतो.

घरात 'लय कच्ची' हे वाक्य बंद झाले. गुरुजींकडे त्याने स्वतःहून तिस्रातले कायदे (तबल्यावरच्या रचना) मागितले.

काय वेगळे करता येईल

खुणांचा तक्ता पहिल्या आठवड्यातच करायला हवा. आपल्याकडे स्टाफ नोटेशन शिकायला येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या डोळ्यांत आधी सरगम लेखन बसलेले असते. ती कोरी पाटी समजून शिकवले की चुका अंगाच्या वाटतात, कागदाच्या वाटत नाहीत. क्लासमध्ये येणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारावे, आधी कोणत्या पद्धतीत वाचत होतास?

पलुस्कर पद्धतीचा उपयोगही करून पाहण्यासारखा होता. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत मात्रा म्हणजे ओळीतली जागा, स्वर कुठल्या जागेत बसला त्यावरून लांबी कळते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत स्वरापाशीच त्याच्या कालावधीची खूण असते. स्टाफ नोटेशन या बाबतीत पलुस्करांच्या जवळचे आहे, लांबी स्वराच्या अंगावर लिहिलेली असते. भातखंडे ते स्टाफ ही उडी मारण्याआधी एक-दोन चिजा पलुस्कर पद्धतीत लिहून घेतल्या असत्या, तर हा बदल मुलाच्या हाताखालून गेला असता.

गुरुजींना फोन उशिरा झाला. दोन शिक्षकांकडे जाणारे मूल असेल तर त्यांनी एकमेकांशी पहिल्याच महिन्यात बोलावे. आणि ६/८ उशिरा आणण्याची रीत बदलावी. सुरुवातीच्या पुस्तकांत महिनोन्महिने ४/४ असते, तोवर 'क्रॉचेट म्हणजे एक' हे इतके घट्ट बसते की पुढे ते उखडावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादी सोपी ६/८ ओळ ऐकून वाजवायला दिली आणि तीच कागदावर दाखवली, तर 'ठोका कोणत्याही स्वराचा असू शकतो' हे मुळातच कळेल.

सध्या क्लासमध्ये ७/८ सुरू आहे. मुलाच्या हातात सात मात्रांचा रूपक ताल बसलेला असल्याने प्रत्येक ७/८ तो ३-२-२ असाच वाजवतो. समोरच्या तुकड्यातले बीम मात्र २-२-३ असे बांधलेले आहेत. टाइम सिग्नेचरमध्ये यातले काहीच लिहिलेले नसते, म्हणून शिक्षिका आता आकडे झाकून आधी बीम मोजायला लावतात.